नाकावरचं बोट

आमच्या घरात 'मी' म्हणायचं असलं की सगळे नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवत. सगळे म्हणजे बाबा, आत्या, मी आणि माझी धाकटी बहीण; आई यात नव्हती. 'बरोबर' म्हणायचं तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठा गोल करायचा. चूक, नको, संपलं, बंद झालं, या सगळ्यांना मिळून छातीपुढे दोन हातांची फुली. 'आत्ता कळलं' म्हणायचं तर एका तळव्यावर दुसऱ्या हाताची मूठ आपटायची. हे सगळं आम्ही जपानी लोकांकडून शिकलो, तेही महाडमध्ये आमच्या गच्चीवर बसून. आणि शिकताना आपण काय शिकतोय याबद्दल आमचा साफ गैरसमज होता.

धाकटी माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तिला ऐकू येत नव्हतं. आज मी हे वाक्य सरळ लिहिते, पण तेव्हा आमच्या घरात ते कुणी उच्चारत नसे. 'ती उशिरा बोलेल' असं म्हणायचं, हा आईचा नियम होता. आई पोलादपूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. रोज सकाळी एसटीने जायची आणि संध्याकाळी घाटातली लाल माती चपलांना लावून परत यायची. डोंगरातली लाजरीबुजरी पोरं तिच्या वर्गात महिन्याभरात घडाघडा बोलायला लागतात अशी तिची ख्याती होती, आणि तिला त्याचा चांगलाच अभिमान होता. मग आपल्याच मुलीच्या तोंडून शब्द फुटत नाही हे तिला कसं पटावं? कुणा डॉक्टरांनी एकदा 'काही मुलं उशिरा बोलतात' म्हटलं होतं. ते तिनं पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

रोज संध्याकाळी हातपाय धुतले की आई धाकटीला आरशासमोर बसवायची. तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायची आणि म्हणायची, "आ... ई. म्हण. आ... ई." धाकटी आरशात बघून तोंड उघडायची. कधी घशातून एक घोगरा आवाज निघायचा, कधी तोही नाही. अर्ध्या तासानं आई उठायची आणि कुकर लावायची. तिला दुसरं काही नको होतं. आपल्या मुलीनं एकदा आपल्याला 'आई' म्हणावं, एवढंच. यासाठी तिनं उपास केले, नवस बोलले, आणि घरात एक कायदा केला: धाकटीसमोर कुणी हातवारे करायचे नाहीत. "हातानं भागायला लागलं की जीभ आळशी होते," असं ती म्हणायची. शिकलेली बाई म्हणतेय म्हटल्यावर आम्ही ऐकायचो. म्हणजे ती घरात असताना ऐकायचो.

दिवसभर धाकटीला सांभाळायला आत्या होती. बाबांची मोठी बहीण, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या गावातली. नवरा गेल्यावर ती भातशेती दिराच्या हवाली करून आमच्याकडे राहायला आली. तिला आईचा कायदा अजिबात मान्य नव्हता. "आमच्याकडं दरीच्या पल्याड कोण उभा असंल तं वरडून उपेग नाय," ती मला म्हणायची. "कापड हालवायचं. डावीकडं हालवलं तं गुरं तिकडं गेली, उजवीकडं हालवलं तं भाकरी घेऊन ये. आमी काय मुके हाव? आनि ही पोर दरीच्या पल्याडच हाय म्हन." मी तेव्हा हसायचे. आत्याच्या बोलण्याला हसायची मला सवयच होती, शहाणी होते ना मी, महाडच्या शाळेत जाणारी.

बाबांचा केबलचा धंदा होता. आधी ते रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. मग नव्वदच्या दशकात गावोगावी केबल आली तेव्हा त्यांनीही गच्चीवर जाळीची भलीमोठी छत्री बसवली, पत्र्याची एक खोली बांधली आणि खांबाखांबांवरून, झाडांवरून, लोकांच्या पागोळ्यांखालून काळ्या वायरी ओढल्या. वानरं त्या वायरींना लोंबकळायची, आणि वायर तुटली की शिव्या बाबांना. पत्र्याच्या खोलीत एका फळीवर ओळीनं आठ-नऊ छोटे टीव्ही मांडलेले होते, प्रत्येक चॅनलला एक. चित्र नीट आहे की नाही ते बघण्यासाठी. त्यांचे सगळ्यांचे आवाज बाबांनी पार बंद करून ठेवले होते, नाहीतर त्या खोलीत डोकं फिरलं असतं. आवाज बंद असल्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आमच्यापैकी कुणाच्याही ती लक्षात राहिली नाही.

जपानी चॅनल आमच्याकडे आलं ते एका कंपनीच्या गेस्ट हाऊसमुळे. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मशिनं बसवायला दोन जपानी इंजिनीअर आले होते आणि आमच्या गल्लीच्या टोकाला राहत होते. त्यांना आमटी-भात मानवला, पण संध्याकाळी बघायला काही नव्हतं. गेस्ट हाऊसच्या मॅनेजरनं बाबांना विचारलं, बाबांनी छत्री फिरवून फिरवून त्यांचं चॅनल शोधून काढलं. चार महिन्यांनी इंजिनीअर गेले. चॅनल राहिलं. "असू दे, परदेशी चॅनल आहे, दिसायला बरं दिसतं," बाबा म्हणायचे. गावात ते कुणी बघत असेल असं मला वाटत नाही. लोक त्याच्यावर आले की बटण दाबून पुढे जात.

बघत होती ती धाकटी. तेव्हा ती पाच वर्षांची होती. माझी शाळा सकाळची. साडेबाराच्या सुमारास मी घरी यायचे तेव्हा आत्या आणि ती गच्चीवरच्या खोलीत असायच्या. आत्या तांदूळ निवडत बसलेली आणि धाकटी तिसऱ्या टीव्हीपुढे मांडी घालून. त्यावर त्या वेळेला लहान मुलांचा एक कार्यक्रम लागायचा. पिवळ्या शर्टातला एक पुरुष आणि लाल पट्टेरी मोजे घातलेली एक बाई, आणि भोवती पंधरावीस पोरं. रोज सुरुवातीला एखादं मूल एकटं कपडे घालायचं. पुठ्ठ्याच्या खोक्यांची आगगाडी व्हायची, कागदाचा बेडूक व्हायचा, मग सगळे मिळून कवायतीसारखं काहीतरी करायचे. शेवटी कोडं. पिवळा शर्ट पेटीत हात घालून एकेक वस्तू काढायचा आणि पोरांना काहीतरी विचारायचा. ज्यांना बरोबर वाटे ती पोरं डोक्यावर हातांचा गोल करत, चूक वाटे ती फुली. कुणाला पुढे यायचंय विचारलं की सगळी पोरं नाकावर बोटं ठेवून उड्या मारत.

पहिल्याच आठवड्यात धाकटीच्या शर्टाची बटणं तिची तिनं लावलेली होती. वरचं बटण खालच्या काजात, पण लावलेली. मग एक दिवस आत्यानं लाडू दाखवून भुवया उडवल्या तर धाकटीनं नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. आत्याला काही कळेना. मी हसत सुटले. "अगं, 'मला' म्हणतेय ती! त्या टीव्हीतल्या पोरांसारखं." आत्यानं लाडू दिला. दुसऱ्या दिवशी आत्या स्वतःच नाकावर बोट ठेवून तिला सांगत होती की चहा मला हवाय.

बाबांनी हे बघितलं आणि विचार करून निकाल दिला: तो मुक्या-बहिऱ्या मुलांचा कार्यक्रम आहे. "बघ ना, एवढे हातवारे साधी माणसं करतात का?" ते म्हणाले. आम्हाला ते पटलं. तोंडं हलत होती सगळ्यांची, पण बाबांचं म्हणणं असं की बहिऱ्यांना ओठ बघून शिकवतात, म्हणून हलतात. मग त्यांना गेस्ट हाऊसमधलं आठवलं. एकदा वायर दुरुस्त करायला गेले असताना त्या दोघांतल्या वयस्क इंजिनीअरनं स्वतःचं नाव सांगताना नाकाकडेच बोट केलं होतं. "पण तो तर बोलत होता," मी म्हटलं. "मग घरात असेल कोणी त्याच्या," बाबा म्हणाले. एकदा एक समजूत पक्की झाली की माणूस पुढचं सगळं तिच्यात कसं बसवत जातो, याचं मला अजून हसू येतं.

कुणी विचारलंच तर बाबा केबलच्या गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचे, "जपानी मूकबधिरांचं शिक्षण आपल्याकडे लागतं." आणि आम्ही तिघं रोज दुपारी तो कार्यक्रम अभ्यासासारखा बघायचो. जपानी बहिऱ्यांची भाषा शिकत होतो ना आम्ही! आई घरी यायच्या आधी सगळे हात खाली.

कायदा मोडला तो पावसानं. जुलै-ऑगस्टात महाडला वारा-पाऊस असा झोडपतो की छत्री बोटभर हलते आणि अर्ध्या गावाच्या टीव्हीवर मुंग्या येतात. मग बाबा रेनकोट घालून गच्चीवर, पाना घेऊन नटाशी झटापट करत. पत्र्याच्या खोलीतला कुठला टीव्ही त्यांना तिथून दिसायचा नाही. चित्र आलं की गेलं ते मी खोलीतून ओरडून सांगायचं, ही आमची जुनी पद्धत. पण पत्र्यावर पाऊस कोसळत असला की माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. मी 'आलं' म्हणायचे, बाबांना 'गेलं' ऐकू यायचं, आणि आलेलं चित्र ते घालवून बसायचे.

एका रविवारी असंच चाललेलं असताना धाकटी दारात येऊन उभी राहिली. तिथून तिला मीही दिसत होते आणि बाबाही. टीव्हीवर चित्र स्वच्छ झालं आणि मी सवयीनं हातांचा गोल केला. धाकटीनं बाबांकडे वळून तसाच गोल केला. बाबा थबकले. पान्याला अजून एक हिसडा दिला, चित्र गेलं, मी फुली केली, तिनं फुली केली, बाबांनी हिसडा मागे घेतला. पाच मिनिटांत काम झालं. एरवी अर्धा दिवस जायचा. बाबांनी भिजलेल्या हातांनी तिला उचललं आणि खाली आईकडे घेऊन गेले. "माझी असिस्टंट आहे ही," ते म्हणाले. धंद्याच्या कामाला आई नाही कशी म्हणणार? त्या पावसाळ्यापासून छत्री बसवायचं काम धाकटीशिवाय होईना. आणि आरशासमोरचा अर्धा तास मात्र चालूच राहिला.

आता जे सांगायचं आहे ते मला सांगायला आवडत नाही. त्याच वर्षी थंडीत एकदा मी डबा विसरून शाळेत गेले. आत्या डबा घेऊन आली, बरोबर धाकटी. मधल्या सुट्टीत मी मैत्रिणींबरोबर मैदानावर होते. फाटकातून धाकटीला मी दिसले आणि तिनं तिथूनच दोन्ही हात डोक्यावर नेऊन हा भलामोठा गोल केला. सापडली, असं. सगळ्या पोरींनी वळून बघितलं. एकीनं विचारलं, "ही वेडी आहे का गं? तुझी कोण?" मी म्हटलं, "कोणी नाही. आमच्या शेजारची."

धाकटीला ते ऐकू येणं शक्य नव्हतं. पण तिला माझं तोंड दिसलं. मी गोल केला नाही, फुलीही केली नाही. मी पाठ फिरवली. तिचे हात हळूहळू खाली आले. त्यानंतर रस्त्यात, बाजारात, कुणा बाहेरच्या माणसादेखत तिनं मला कधी खूण केली नाही. घरात करायची, बाहेर नाही. आईनं कायदा करूनही जे जमलं नव्हतं ते मी एका वाक्यात करून दाखवलं. मला स्वतःची लाज वाटली, पण इतकी नाही की मी घरी जाऊन ते कबूल करीन. मी डबा खाल्ला.

धाकटी सात वर्षांची होत आली तेव्हा एकदा दोन दिवस सतत रडत होती. जेवेना, उशीवर डोकं आपटायची. आईनं शाळेतून रजा काढली. मी दुपारी घरी आले तेव्हा आई तिला मांडीवर घेऊन बसली होती. आईचा आवाज बसला होता. "काय होतंय बाळा? बोल. कुठं दुखतंय? एकदा तरी बोल ना." धाकटी आईच्या ओठांकडे बघत होती आणि आणखी रडत होती. आत्या दारात उभी होती. ती मला म्हणाली, "इचार गो तिला. तुमच्या त्या खेळावानी इचार."

मी आईकडे बघितलं. मग मी धाकटीपुढे बसले आणि पिवळ्या शर्टासारख्या भुवया वर केल्या. तिच्या पोटाला हात लावला. फुली. दातांवर बोट ठेवलं. फुली. डोकं. फुली, पण जरा थांबून. उजवा कान. फुली. डावा कान. तिनं दोन्ही हात उचलून गोल केला, दुखत असल्यामुळे अगदी लहान, कपाळापर्यंतच. मग माझ्या हाताला धरून तो कानावरून बाजूला केला, कारण मी तिथं दाबत होते. हे सगळं दोन मिनिटांत झालं.

डॉक्टरांनी कान साफ केला, औषध दिलं, आणि पुण्याला मोठ्या दवाखान्यात एकदा ऐकण्याची तपासणी करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. आई-बाबा वरंध घाटातून तिला घेऊन गेले, मीही गेले. तपासणी झाली. दोन्ही कानांनी काहीच ऐकू येत नाही, आणि हे बहुधा जन्मापासूनच आहे, असं त्यांनी सांगितलं. परतीच्या गाडीत आई खिडकीपाशी बसली होती. भोर गेल्यावर ती बाबांना म्हणाली, "दोन दिवस मी तिला फक्त बोल म्हणत होते. कुणी तिला विचारलंच नाही." मग घाट संपेपर्यंत ती पदर तोंडावर धरून बसली.

दवाखान्यातूनच एका शाळेचा पत्ता मिळाला होता. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा, पुण्यातलीच, राहण्याची सोय असलेली. जूनच्या आधी आम्ही तिथं गेलो. तिथल्या बाई साध्या, पिकलेल्या केसांच्या. त्यांनी टेबलावर रंगीत खडू ठेवला आणि हातानंच विचारलं, हा कुणाला? धाकटीनं नाकावर बोट ठेवलं. बाईंनी खडू दिला. मग चित्रं दाखवून काही विचारलं, तर धाकटीनं कुठं गोल केला, कुठं फुली, आणि एकदा तळव्यावर मूठ आपटली. बाई चकित झाल्या. "हे कुठं शिकली ही? आमच्याकडच्या खुणा नाहीत या."

बाबांना तर बोलायला निमित्तच हवं होतं. जपानी मूकबधिरांचा कार्यक्रम, रोज साडेबाराला, आम्ही सगळे घरी तेच बोलतो, असं त्यांनी सविस्तर सांगितलं. आई कोऱ्या चेहऱ्यानं ऐकत होती. आम्ही सगळे दुपारी काय करत होतो ते तिला तिथं कळलं.

"मुलं नाचतात म्हणता, एका ठेक्यात?" बाईंनी विचारलं. "मग गाणं असेल की. आवाज काय येतो त्याचा?"

"आवाज?" बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. "आवाज आम्ही कधी लावलाच नाही."

बाई खूप हसल्या, पण वाईट वाटेल असं नाही. मग आईकडे वळून म्हणाल्या, "खुणा कुठल्या का असेनात, हातानं सांगता येतं आणि समोरचा ते समजून घेतो, हे या मुलीला ठाऊक आहे. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांना तेवढंही ठाऊक नसतं. बाकीचं आम्ही शिकवू. आणि हातांनी जीभ आळशी होत नाही हो." आईनं मान खाली घातली. बाईंना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. कदाचित सगळ्याच आया तसं म्हणत असतील.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे गच्चीवरच्या खोलीत जमलो, रविवार असल्यामुळे आईसुद्धा. बाबांनी तिसऱ्या टीव्हीचा आवाज वाढवला. काय कलकलाट! पोरं बेंबीच्या देठापासून गात होती, लाल मोज्यांची बाई एक क्षण तोंड मिटत नव्हती. आत्यानं कपाळाला हात लावला. "अगो बाय, ही तं बोलकी हायत!" आई थोडा वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "अहो, हा तर माझा पहिलीचा वर्ग आहे. मीसुद्धा वर्गात असेच हात करते." आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. धाकटी मात्र रोजच्यासारखी मांडी घालून कोडं सोडवत होती. तिच्या दृष्टीनं काहीच बदललं नव्हतं.

जूनमध्ये बाबा तिला पुण्याला सोडायला निघाले. स्टँडवर पुण्याची गाडी लागली. धाकटी खिडकीत बसली, मांडीवर नवी पेटी. तिला कुठं नेताहेत हे आम्ही खुणांनी सांगितलं होतं, पण किती दिवसांसाठी ते सांगता येत नव्हतं. आमच्या भाषेत उद्या नव्हता, दिवाळी नव्हती. तिचा चेहरा रडवेला झाला होता आणि ती आमच्याकडे एकटक बघत होती. सगळं ठीक आहे ना, असं विचारत असावी. गाडी सुरू झाली. तेव्हा आईनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि भर स्टँडवर, हमाल, विद्यार्थी, तिच्या शाळेतले दोन मास्तर, सगळ्यांदेखत दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठा गोल केला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. गाडी वळेपर्यंत तिनं हात खाली घेतले नाहीत. मी शेजारी उभी होते. माझेही हात वर गेले, पण तोवर गाडी वळली होती.

त्या चार महिन्यांत आई रोज संध्याकाळी आरशासमोर बसायची, आता माझ्याबरोबर. "'आत्ता कळलं' कसं करायचं? मूठ वर की खाली?" असं विचारायची. मी तिला सांगायचे की तिकडे आता वेगळ्या खुणा शिकवतील, पण तिला तोवर थांबायचं नव्हतं. "ती आली की मला काहीतरी यायला हवं," ती म्हणायची. नाकावर बोट तर तिला इतकं सवयीचं झालं की एकदा वर्गात 'मी सांगते' म्हणताना तिनं नाकाला बोट लावलं आणि पोरं हसली.

दिवाळीला बाबा तिला घेऊन आले. स्टँडवर सुट्टीची गर्दी होती, माझ्या वर्गातल्या दोघीही मामाच्या गावी जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या. त्यांतली एक तीच, डब्याच्या दिवसाची. गाडी आत शिरली, खिडकीत धाकटीचं तोंड दिसलं आणि मी दोन्ही हात डोक्यावर नेले. गाडी थांबेपर्यंत ते वर ठेवले. खिडकीतून तिनंही गोल केला. "कोण गं?" मैत्रिणीनं विचारलं. "माझी बहीण," मी म्हटलं.

धाकटी उतरली. आई पुढे झाली आणि पाठ केलेलं सगळं एका दमात करायला लागली: गोल, मूठ, आणि नाकावर बोट, मी, मी आले तुला न्यायला. धाकटीनं तिच्याकडे आश्चर्यानं बघितलं आणि खुदकन हसली. मग छातीपुढे फुली केली. आईचं नाकावरचं बोट तिनं हातात धरलं, खाली आणलं आणि आईच्याच छातीवर टेकवलं. 'मी' इथं असतो, असं. आई शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलवत होती.

त्यानंतर धाकटीनं स्वतःचं बोट नाकपुडीच्या बाजूला लावलं, जिथं बायकांची नथ असते तिथं, आणि मग ते बोट आईकडे केलं. आईनं आमच्याकडे बघितलं. बाबांना ती खूण शाळेतल्या बाईंनी दाखवली होती.

"आई म्हणतेय तुला," ते म्हणाले.

धाकटीनं ते पुन्हा केलं, जरा सावकाश, जशी आई पहिलीच्या पोरांना पुन्हा सांगते तसं.